टीडियुस्कंगची निष्ठा

दोन पक्षांमध्यें वावरणाऱ्या पुरुषास जेत्यांच्या दप्तरांत ‘चंचल’ यावांचून दुसरें विशेषण सहसा मिळत नाहीं. अमेरिकेंतील लेनापी लोकांचा पुढारी टीडियुस्कंग याच्या वांट्यास हेंच आलें. हा निकाल कितपत न्याय्य आहे, हें आपण पाहूं.

लेनापी हे डेलावेअर नदीच्या खोऱ्यांतील लोक. १७३७ सालीं पेनच्या वारसांनीं एक जुना कागद पुढें करून, दीड दिवसांत माणूस चालेल तितकी भूमि आपली, असें त्यांजकडून कबूल करून घेतलें. आणि मग वाट आधींच मोकळी करून चपळ माणसें पळविलीं! सुमारें १,२०० चौरस मैल मुलूख असा गेला. लेनापींवर वडीलकी सांगणाऱ्या इरोक्वा संघानेंहि १७४२ त इंग्रजांचीच बाजू घेतली.

टीडियुस्कंगनें १७५० त मोरेव्हियन मिशनऱ्यांकडून बाप्तिस्मा घेतला, १७५४ त त्यांस सोडून तो वायोमिंगच्या खोऱ्यांत गेला, १७५५ त इंग्रज वसाहतींवर त्यानें शस्त्र धरलें आणि १७५६ त ईस्टन येथें त्यांच्याशींच तहाचें बोलणें आरंभिलें. वरवर पाहतां ही चंचलता खरी; परंतु ईस्टनच्या सभेंत तो काय बोलला? पायांखालची ही भूमिच कपटानें घेतली आहे, असें त्यानें गव्हर्नरास तोंडावर सांगितलें. १७५७ त त्यानें स्वतःचा लेखनिक मागितला व चार्ल्स थॉमसन हा शिक्षक मिळविला. ज्यांस कागदानें लुटलें, त्यांनीं कागदाचें महत्त्व ओळखलें होतें. वायोमिंगची भूमि आपल्या लोकांस कायमची लिहून मिळावी, ही त्याची मागणी होती.

त्याला पाठबळ देणाऱ्या क्वेकरांचें पेन घराण्याशीं स्वतःचें भांडण होतें; इरोक्वांस त्याचें मोठेपण सहन होत नव्हतें. १७५८ च्या ईस्टनच्या तहांत त्यांनीं त्याला खालीं बसविलें. पेन्सिल्व्हेनियानें वायोमिंगास घरें बांधून दिलीं. भूमीचें लेख मात्र दिलें नाहीं. १९ एप्रिल १७६३ रोजीं त्याच्या घरास आग लावण्यांत आली व तो झोंपेंतच जळून मेला. थोड्याच दिवसांत कनेक्टिकटचे वसाहतवाले त्या खोऱ्यांत उतरले.

मिशन, फ्रेंच, इंग्रज, इरोक्वा यांपैकीं प्रत्येकास त्याची निष्ठा हवी होती. त्याच्या लोकांस राहण्यापुरती भूमि द्यावयास एकहि तयार नव्हता. आमच्या मतें, त्यानें पक्ष अनेक बदलले. मागणें मात्र एकच ठेविलें. निष्ठेची परीक्षा करावयाची ती या मागण्यावरून करावी.