डेटाबेसमधील लेखनवेगाचा ऱ्हास : निदानाचा इतिहास

डेटाबेसवर लेखनाचा अखंड भार पडू लागला म्हणजे आरंभीचा उत्तम वेग काही काळाने घसरतो, असा अनुभव वारंवार येतो. हा दोष यंत्राचा मानावा की रचनेचा, हा या विषयाच्या इतिहासातील मूळ प्रश्न होय.

१९७० साली बोइंग कंपनीच्या प्रयोगशाळेत रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्राइट यांनी बी-ट्री ही रचना मांडली. तीत प्रत्येक नोंद आपल्या ठरलेल्या पानावर जाऊन बसते. सूची स्मृतीत मावते तोवर हे काम सुलभ असते. ती मावेनाशी झाली, की विस्कळित क्रमाने येणाऱ्या नोंदींसाठी डिस्कवरील निरनिराळी पाने वाचावी व पुन्हा लिहावी लागतात. वेग खालावतो तो येथे.

१९९१ साली बर्कली येथील मेंडेल रोझेनब्लम व जॉन औस्टरहाउट यांनी फाइलव्यवस्थेसाठी निराळा मार्ग दाखविला : नवे लेखन सलग पुढे करीत जावे आणि निकामी झालेली जागा मागाहून मोकळी करावी. १९९६ साली पॅट्रिक ओनील व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी एलएसएम-ट्री ही रचना प्रसिद्ध केली. तीत नोंदी प्रथम स्मृतीत साठतात व नंतर टप्प्याटप्प्याने एकत्र केल्या जातात. लेखन स्वस्त झाले खरे. परंतु काम नाहीसे झाले नाही, ते केवळ लांबणीवर पडले.

२०११ साली गूगलने खुल्या केलेल्या लेव्हलडीबीच्या आज्ञावलीत याची स्पष्ट कबुली आढळते. सर्वांत वरच्या स्तरावर ४ फाइली साचताच एकत्रीकरण सुरू होते. ८ झाल्या की लेखनास १ मिलिसेकंदाचा विलंब लावला जातो. १२ झाल्या की लेखन थांबविले जाते. वापरणारा ज्यास बिघाड समजतो, तो पुष्कळदा रचनाकारांनी हेतुपुरस्सर घातलेला बांध असतो.

२०१९ साली चेन लुओ व मायकेल केरी यांनी चाचणीच्या पद्धतीकडेच लक्ष वेधले. प्रथम कमाल वेग मोजावा व मग त्याच्या ९५ टक्के भाराखाली व्यवस्था चालवून विलंब तपासावा, असा त्यांचा क्रम आहे. अल्पकालीन चाचणीत साचलेले काम दिसतच नाही, हे यावरून ध्यानात येते.

तेव्हा निदानाचा पहिला प्रश्न 'वेग किती?' हा नसून 'कोणते काम साचत आहे?' हा होय. एकत्रीकरणापेक्षा आवक अधिक असेल, तर स्मृती वाढविल्याने संकट पुष्कळदा उशिरा येते इतकेच. ते टळत नाही.