डॉक्टरांची स्थानिक संघटना : सभासदत्व कशासाठी?

वैद्यकीय पदवी हाती आली, महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणी झाली आणि दवाखान्यावर पाटी लागली, की डॉक्टर स्वतंत्र झाला असे समजले जाते. कायद्याच्या दृष्टीने ते खरेही आहे. व्यवसाय करण्यासाठी नोंदणी सक्तीची आहे, संघटनेचे सभासदत्व नाही. पण भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली डॉक्टरांसाठी जे वर्तनविषयक नियम केले, त्यांच्या पहिल्याच प्रकरणात डॉक्टराने आपल्या व्यवसायाच्या उन्नतीसाठी वैद्यकीय संघटनांशी संलग्न व्हावे आणि त्यांच्या कामात सक्रिय भाग घ्यावा, असे म्हटले आहे. ही परिषद जाऊन २५ सप्टेंबर २०२० पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम काढले, पण त्याच महिन्यात ते स्थगित करावे लागले. त्यामुळे २००२ चेच नियम पुन्हा लागू झाले. हे कलम मात्र बहुतेक डॉक्टरांच्या वाचनात आलेले नसते.

तालुक्याच्या गावी नव्याने बस्तान बसवणाऱ्या एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टरासमोर संघटनेचा अर्ज येतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न साहजिकच असतो : वर्गणी भरून मिळणार काय? वार्षिक स्नेहसंमेलन, एक डायरी आणि एक जुलैच्या डॉक्टर दिनाचे आरोग्य शिबिर एवढेच मिळणार असेल तर प्रश्न रास्त आहे. उत्तर शोधायचे तर संघटनेची रचना थोडी जाणून घ्यावी लागते.

मुंबईत डॉक्टरांच्या संघटनेची परंपरा जुनी आहे. 'बॉम्बे मेडिकल युनियन'ची स्थापना १८८३ सालची, म्हणजे १८९६ च्या प्लेगच्याही आधीची. अखिल भारतीय पातळीवरची संघटना १९२८ साली कोलकात्याच्या वैद्यकीय परिषदेत उभी राहिली. डॉ. निलरतन सरकार, डॉ. बिधानचंद्र रॉय, डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्यासारखी, राष्ट्रीय चळवळीशी नाते असलेली मंडळी तिच्या पाठीशी होती. आज इंडियन मेडिकल असोसिएशन, म्हणजेच 'आयएमए', या नावाने ती ओळखली जाते. आधुनिक वैद्यकाची पदवी आणि नोंदणी असलेल्या डॉक्टरांसाठी ती आहे. आयुर्वेद पदवीधरांची 'निमा', शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्यांची 'मॅग्मो', निवासी डॉक्टरांची 'मार्ड' या संघटना वेगळ्या. याशिवाय स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ अशा प्रत्येक शाखेच्या संस्था आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञांचा १९५० सालचा महासंघ तर शहरोशहरीच्या स्थानिक संस्था जोडूनच तयार झाला आहे.

आयएमएची रचना तीन पायऱ्यांची आहे : गावची शाखा, राज्य शाखा आणि दिल्लीचे मुख्यालय. सभासद होतो तो गावच्या शाखेचा, आणि तिच्यामार्फत आपोआप वरच्या दोन्हींचा. बातम्यांत दिसते ती दिल्ली. प्रत्यक्ष उपयोगाची असते ती गावची शाखा, आणि ती कशी चालते हे तिचा त्या वर्षीचा अध्यक्ष व विशेषतः सचिव कोण आहे यावर ठरते. हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

गुणांक आणि ज्ञान

सर्वांत रोकडा फायदा शिक्षणाचा आहे. महाराष्ट्रात डॉक्टराची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि त्यासाठी त्या काळात निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे ३० गुणांक जमवावे लागतात. व्याख्यानाला गेले की गुणांक मिळतात असे नाही. कार्यक्रमाला परिषदेची मान्यता आधी घेतलेली असावी लागते. एकटा डॉक्टर असा कार्यक्रम उभा करू शकत नाही. शाखा करू शकते. मुंबई-पुण्यात असे कार्यक्रम मुबलक असतात. पुण्यात टिळक रस्त्यावरच्या डॉ. नितू मांडके सभागृहासारखी हक्काची जागाही आहे. पण जिल्ह्याच्या ठिकाणापासून साठ-सत्तर किलोमीटरवर एकट्याने दवाखाना चालवणाऱ्याला ३० गुणांकांसाठी दर वेळी दवाखाना बंद ठेवून शहर गाठावे लागले, तर रुग्णांचे हाल आणि त्याचे नुकसान असे दोन्ही होते. गावातच रविवारी सकाळी सभा झाली, तर प्रश्न सुटतो.

गुणांकांपेक्षा मोठा लाभ असा की व्याख्यानानंतरच्या चहाच्या वेळी स्थानिक माहिती कळते. या आठवड्यात डेंग्यूचे रुग्ण कोणत्या वस्तीतून येत आहेत, सर्पदंशाची लस ग्रामीण रुग्णालयात शिल्लक आहे का, कोणत्या प्रतिजैविकाला इथले जंतू दाद देईनासे झाले आहेत, या गोष्टी ग्रंथात नसतात. क्षयरोगाचा प्रत्येक रुग्ण कळवणे खासगी डॉक्टरांवर २०१२ पासून बंधनकारक आहे. नोंद कशी व कोणाकडे करायची, औषधे कोठून मिळवायची, हे अनेकांना अशा सभांमधूनच समजले.

या शिक्षणाला एक काळी किनार आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सभेचे भोजन आणि वक्त्याचा प्रवास यांचा खर्च अनेकदा औषध कंपनी उचलते. वैयक्तिक भेटी व प्रवास स्वीकारण्यास डिसेंबर २००९ च्या दुरुस्तीने डॉक्टरांना मनाई केली. पुढे २०१६ साली संघटनांना त्या कलमातून वगळण्यात आले, आणि त्यावर टीकाही झाली. मार्च २०२४ मध्ये केंद्राने औषध कंपन्यांसाठी जी संहिता काढली, तीत अशा कार्यक्रमांना पारदर्शकतेच्या अटी आहेत आणि परदेशात ते घेण्यास मनाई आहे. खुद्द आयएमएने २००८ साली खाद्यपेयांच्या काही उत्पादनांना नाव वापरू दिल्यावरून मोठा वाद झाला होता. आपल्या शाखेचे कार्यक्रम कोणाच्या पैशावर चालतात, हे नव्या सभासदाने पहिल्याच सर्वसाधारण सभेत विचारावे. वर्गणीतून खर्च भागवणाऱ्या शाखा आहेत, आणि त्यांच्या व्याख्यानांत औषधांची नावे कमी व रोगाची चर्चा जास्त असते.

संकटकाळी

खरी कसोटी लागते ती रुग्ण दगावतो तेव्हा. रात्री दवाखान्यासमोर जमाव, काचांचा चुरा, 'डॉक्टरला बाहेर काढा' अशा घोषणा, आणि पोलीस ठाण्यात काय सांगायचे याची डॉक्टराला कल्पना नसणे. असे प्रसंग महाराष्ट्रात दुर्मीळ राहिलेले नाहीत. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात निवासी डॉक्टराला झालेल्या मारहाणीनंतर राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यातील तरुण डॉक्टरच्या हत्येनंतर आयएमएने देशभर चोवीस तास सेवा थांबवली.

डॉक्टरांवरील व रुग्णालयांवरील हिंसा रोखण्यासाठी महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि मोडतोड झालेल्या मालमत्तेच्या दुप्पट भरपाई मागता येते. पण हा कायदा फिर्यादीत लागला पाहिजे. रात्री दोन वाजता ठाणे अंमलदाराला तो ठाऊक असेलच असे नाही आणि भेदरलेल्या डॉक्टराला त्याचे नावही आठवत नाही. शाखेचे दोन ज्येष्ठ सभासद कायद्याची प्रत घेऊन सोबत उभे राहिले, की फिर्यादीचे स्वरूप बदलते. नातेवाईकांशी बोलायलाही तिऱ्हाईत डॉक्टर लागतो. काय झाले हे तो शांतपणे समजावून सांगू शकतो, कारण त्याच्यावर कोणाचा राग नसतो. काही वेळा खरी चूक कोठे झाली तेही तोच डॉक्टरला एकांतात सांगतो.

न्यायालयाच्या पायरीवरही हीच गोष्ट. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निकाल आयएमएच पक्षकार असलेल्या खटल्यातला आहे. संघटना तो खटला हरली, आणि रुग्णांच्या दृष्टीने ते चांगलेच झाले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यानंतर २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात न्यायालयाने फौजदारी कारवाईला चाप लावला : निष्काळजीपणा गंभीर स्वरूपाचा असला पाहिजे, तपास अधिकाऱ्याने आधी शक्यतो शासकीय सेवेतील त्या विषयाच्या डॉक्टराचे स्वतंत्र मत घ्यावे, आणि सरसकट अटक करू नये. जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोंदणीकृत डॉक्टराकडून उपचार करताना तसे घडल्यास ती दोन वर्षांपर्यंत मर्यादित आहे. हे बारकावे वकिलालाही समजावून सांगावे लागतात, आणि अनुभवी वकिलांची नावे शाखेकडे असतात.

संघटनेच्या व्यवसाय-संरक्षण योजना आणि सामाजिक सुरक्षा योजना याच गरजेतून निघाल्या. सामाजिक सुरक्षेचे तत्त्व गावच्या भिशीइतके सोपे आहे : एखादा सभासद निवर्तला की उरलेल्या प्रत्येकाने ठरलेली रक्कम द्यायची आणि ती त्याच्या कुटुंबाकडे जायची. खासगी डॉक्टराला निवृत्तिवेतन नसते. ऐन चाळिशीत हृदयविकाराने गेलेल्या डॉक्टराच्या घरी रुग्णालयाचे कर्ज तेवढे मागे राहते, तेव्हा या रकमेचे मोल कळते. मात्र परस्परसाहाय्याचा निधी म्हणजे विमा नव्हे. नियम, प्रवेशाचे वय, प्रतीक्षाकाल वाचूनच सही करावी आणि व्यावसायिक दायित्वाची विमा पॉलिसी वेगळी काढावी.

शेजारधर्म

एकट्याने दवाखाना चालवणाऱ्याला आजारी पडण्याची सोय नसते. वडिलांचे ऑपरेशन, मुलीचे लग्न, स्वतःचा ताप, काहीही असो, रुग्ण दारात उभाच. गैरहजेरीत दुसऱ्या डॉक्टराने रुग्ण पाहावेत, हे सौजन्य २००२ च्या नियमांतही सांगितले आहे. डॉक्टरांनी एकमेकांवर व एकमेकांच्या कुटुंबीयांवर विनामोबदला उपचार करण्यात आनंद मानावा, असेही त्यांत आहे. पण ओळखच नसेल तर सांगणार कोणाला? ज्यांच्याकडे आपण स्पर्धक म्हणून पाहतो, त्यांच्याशी महिन्यातून एकदा एका पंगतीत बसल्याने जो विश्वास तयार होतो, तोच अशा वेळी उपयोगी पडतो. रुग्ण पुढे पाठवतानाही तसेच. कोणता शल्यविशारद रात्री येतो, कोण चिठ्ठीला उत्तर लिहितो, कोण विनाकारण तपासण्या करत नाही, हे सहवासातून समजते.

इथेच घसरणही सुरू होऊ शकते. रुग्ण पाठवण्याच्या बदल्यात कमिशन, म्हणजे 'कट', घेण्यास नियमांनी मनाई आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कायद्याचा मसुदाही करवून घेतला होता. ज्या शाखेत या विषयावर उघड बोलता येते, तिथे नव्या डॉक्टराला 'नाही' म्हणणे सोपे जाते. जिथे विषय निघताच खुर्च्या सरकतात, तिथे त्याने सावध राहावे.

रुग्णालय चालवणाऱ्यांसाठी आणखी एक बाब आहे. १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा, गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या नोंदी, २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम, अग्निशमनाचा दाखला, या सर्वांचे कागद एकेकट्याने सांभाळणे जिकिरीचे असते. कचऱ्याच्या बाबतीत तर सामूहिक व्यवस्थेला पर्यायच नाही. केरळात आयएमएने पलक्कडजवळ स्वतःचा प्रक्रिया प्रकल्प उभारून तो राज्यभरच्या रुग्णालयांसाठी चालवला, हे उदाहरण इतर राज्यांच्या शाखांनी नीट अभ्यासण्याजोगे आहे.

सभासद होण्याची पद्धत सोपी आहे. पदवी व नोंदणी प्रमाणपत्राच्या प्रती, छायाचित्रे आणि वर्गणी यांसह शाखेच्या सचिवाकडे अर्ज द्यावा लागतो. वार्षिक आणि आजीव असे सभासदत्वाचे दोन मुख्य प्रकार आहेत. पती-पत्नी दोघेही डॉक्टर असल्यास एकत्रित सवलत मिळते. वर्गणी शाखेनुसार बदलते, कारण तिच्यात राज्याचा व मुख्यालयाचा वाटा धरलेला असतो. गाव पक्के ठरलेले नसेल, तर पहिली दोन वर्षे वार्षिक सभासद राहून शाखेचे काम पाहावे आणि मग आजीव सभासदत्व घ्यावे. गाव बदलले तरी ते वाया जात नाही. जुन्या शाखेकडून बदलीचे पत्र घेऊन नव्या शाखेत नाव नोंदवता येते. सामाजिक सुरक्षा योजनेकडे मात्र पत्ता व वारसाचे नाव वेगळे कळवावे लागते, आणि नेमके तेच कळवायचे राहून जाते.