परिचारिकांचा स्वक्षमताविश्वास व कार्यनिष्पादन

पुढ्यात आलेले विशिष्ट काम, ऐन वेळी अडचण उद्भवली तरी, आपण पार पाडू शकू, अशी परिचारिकेच्या मनात असलेली खात्री म्हणजे तिचा स्वक्षमताविश्वास. स्वभावातल्या धीटपणाहून तो भिन्न असून त्या त्या कामापुरता मर्यादित असतो. अर्भकाची नाजूक शीर चटकन शोधून सलाईन लावणारी सिस्टर कृत्रिम श्वसनयंत्रापुढे बावरू शकते. आल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये या कल्पनेची मांडणी करताना स्वतः पार पाडलेले काम, समकक्षांच्या यशाचे दर्शन, आश्वासक शब्द आणि शरीर-मनाची तत्कालीन अवस्था असे या विश्वासाचे चार उगम सांगितले. त्यांपैकी पहिला सर्वांत बलवान होय.

स्टायकोविच व लुथान्स यांनी १९९८ मध्ये ११४ अभ्यासांचे एकत्र विश्लेषण केले, तेव्हा नाना व्यवसायांत हा विश्वास आणि कार्यनिष्पादन यांचा सरासरी सहसंबंध ०.३८ आढळला, मात्र काम जितके गुंतागुंतीचे, तितका तो क्षीण होत गेला. शुश्रूषेचे काम पुष्कळदा याच जातीचे असल्यामुळे ज्ञान, साधने व मनुष्यबळ यांवाचून नुसत्या विश्वासाची मातबरी मानता येत नाही. उलट, औषधाच्या मात्रेविषयी शंका असूनही न विचारणारा अतिविश्वास रोग्याच्या जिवावर बेततो.

ज्ञानाच्या बाजूने पाहता, १९२६ साली मद्रास इलाख्यात परिचारिका व सुईणी यांच्या नोंदणीचा कायदा झाला. सनदेने ज्ञानाची ग्वाही मिळाली. परंतु हाताला येणारी खात्री प्रत्यक्ष जबाबदारीतूनच उपजते. पुढे तमिळनाडू सरकारने प्राथमिक आरोग्य केंद्रांत पाळीपाळीने काम करणाऱ्या तीन स्टाफ नर्स नेमून अहोरात्र प्रसूतीची तजवीज केली, तेव्हा नैसर्गिक प्रसूती मुख्यत्वे त्यांच्याच हाती आली. खाजगी शुश्रूषागृहातील नवशिक्या परिचारिकेलाही रात्रपाळीत हाकेच्या अंतरावर अनुभवी सहकारी हवी. चारचौघांत बसलेली बोलणी मात्र तिला प्रश्न विचारण्यापासूनच परावृत्त करतात.

मुंबईच्या कामा रुग्णालयात २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी शिरले असता अंजली कुलथे या परिचारिकेने वॉर्डाची दारे बंद करून वीस गर्भवतींना सुरक्षित जागी हलविले, आणि त्यांतील एकीला कळा सुरू होताच भिंतीच्या आडोशाने प्रसूतिकक्षात पोहोचविले. तिच्या धैर्याची वाखाणणी झाली, ती योग्यच; तथापि कोणाचाही हुकूम येण्याची वाट न पाहता निर्णय घेणे तिला साधले, यात त्या वॉर्डाचा, तेथल्या वाटांचा आणि प्रसूतीच्या लक्षणांचा तिला असलेला नित्याचा परिचय मोठा वाटेकरी होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सामान्य रुग्णालयाच्या वॉर्डात पाच रोग्यांमागे एक परिचारिका असावी, हा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे. त्याहून कितीतरी अधिक खाटा एकीच्या अंगावर टाकून आत्मविश्वासवर्धनाची शिबिरे भरविणे व्यर्थ होय. रुग्णालयांच्या चालकांनी आधी रिकाम्या जागा भराव्यात.