ओहायोतला लाल मेपल

आमच्या गल्लीतले मेपल ऑक्टोबरात एकाच आठवड्यात लाल होतात, आणि लालही एकाच छटेचे. त्यात नवल नाही. ही सगळी ‘ऑटम ब्लेझ’ची छाटकलमं, म्हणजे मुळात एकच झाड.

इथल्या म्हाताऱ्या माणसांकडे सावलीचा विषय काढला की ती एल्मबद्दल बोलू लागतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वर चढून एल्मच्या फांद्या मधोमध भेटायच्या. युरोपातून आलेल्या ओंडक्यांबरोबर एक बुरशी आली आणि १९३० मध्ये ती ओहायोतच सापडली. सालीतल्या भुंगेऱ्यांनी ती झाडोझाडी पोचवली आणि रस्तेच्या रस्ते उन्हात उघडे पडले.

सावलीची घाई होती, म्हणून सिल्व्हर मेपल लावले. ते झपाट्याने वाढतात, पण लाकूड ठिसूळ, वादळात मोडतात. रेड मेपल देखणा, पण चुनखडीच्या जमिनीत त्याची पानं पिवळी पडतात. या दोघांचा संकर रानात आपोआप होतच असतो. ऑलिव्हर फ्रीमन यांनी तो १९३३ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये मुद्दाम घडवला, आणि १९६९ मध्ये त्या संकराला त्यांचं नाव मिळालं. ‘ऑटम ब्लेझ’ मात्र इथलाच: फोस्टोरियाच्या ग्लेन जेफर्स यांनी निवडलेला, १९८२ साली पेटंट मिळालेला.

रेड मेपलच्या खुंटावर डोळा भरला, तर पुढे कधीकधी खुंट आणि डोळा यांचं जमत नाही आणि वाढलेलं झाड जोडापाशी मोडतं. छाटकलम स्वतःच्याच मुळांवर उभं राहतं, त्यामुळे ही भीती उरत नाही. नर्सरीवाल्यांना याहून सोयीचं काय हवं?

मग २००२ मध्ये मिशिगनात अ‍ॅश पोखरणारा हिरवा भुंगेरा सापडला. एल्मच्या जागी लावलेले अ‍ॅशही गेले, आणि कितीतरी खड्ड्यांत ब्लेझ आला. याचा मला खरोखर राग येतो. झाडाचा नव्हे, लावणाऱ्यांचा! दोनदा गल्ल्या ओस पडूनही आपण पुन्हा एकाच जातीवर विसंबलो. शिवाय ब्लेझला लहानपणी वळण लावावं लागतं. दोन शेंडे बरोबरीने वाढले, तर बेचक्यात साल अडकते आणि थोर झाड तिथेच फाटतं. दुसरा शेंडा वेळीच छाटला की पुरे, पण तेवढंही कुणी करत नाही.

गल्लीतल्या नव्या लागवडीची यादी करायचं काम यंदा माझ्याकडे आहे. तिच्यात बर ओक, हॅकबेरी आणि केंटकी कॉफीट्री आहेत. ब्लेझही आहे, पण फक्त कोपऱ्यावर.