वाशिनोमियाचे देऊळ

श्रोतेहो, देवळाचा इतिहास म्हटला की राजे आले, दानपत्रे आली. आज ज्या देवळाकडे आपणांस न्यायचे आहे, त्याला हे सारे आहे. पण त्याचे नाव दूरवर गेले ते हलत्या चित्रांच्या एका मालिकेमुळे!

तोक्योहून उत्तरेस तोबू कंपनीची आगगाडी धरा आणि सायतामा प्रांतात वाशिनोमिया स्टेशनावर उतरा. तिथून पायी दहाएक मिनिटे. तोरी म्हणजे देवळापुढची मोठी कमान. ती ओलांडली की उंच झाडांची राई. आडवारी गेलात तर आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येईल.

इथल्या देवांत मुख्य आमे-नो-होही. हाजी नावाचे मातीकाम करणारे कुळ त्याला मूळपुरुष मानी. म्हणून 'हाजींचे देऊळ' याचाच अपभ्रंश वाशिनोमिया, असे एक मत आहे. या कुळाची कथा ७२० सालच्या 'निहोन शोकी' ग्रंथात येते. राणी वारली, तेव्हा नोकरचाकरांना तिच्याबरोबर जिवंत पुरण्याऐवजी मातीच्या बाहुल्या पुराव्यात, असे नोमी-नो-सुकुने याने राजाला सुचवले. राजाने ते मानले आणि त्याला हाजी हे कुलनाम दिले. उत्खननात मात्र थडग्यांवर आधी मातीची साधी नळकांडी सापडतात, माणसांच्या बाहुल्या मागाहून येतात. म्हणजे कथा इतिहास नव्हे. पण माणसाच्या जागी बाहुली ठेवण्याची ही कल्पना ध्यानात असू द्या.

१५९१ मध्ये तोकुगावा इएयासूने देवळाला ४०० कोकूंचे उत्पन्न लावून दिले. एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर तांदूळ, एका माणसाची वर्षाची बेगमी. आपल्या देवस्थान इनामासारखेच हे.

याहून मोठे धन म्हणजे इथला कागुरा, देवापुढचा नाच. बारा प्रवेश, आणि त्यांत साइबारा नावाची जुनी गाणी. दुसऱ्या महायुद्धानंतर तो जाणणारा एकच म्हातारा उरला होता! १९५५ च्या सुमारास गावकऱ्यांनी तरुण पोरे जमवून त्याच्यापाशी शिकायला बसवली. १९७६ मध्ये सरकारने त्या नाचाला राष्ट्रीय वारशाचा मान दिला. एवढी जाण असलेले हे गाव, हे विसरू नका.

कारण २००७ साली 'लकी स्टार' ही मालिका दूरचित्रवाणीवर आली. तीत दोन जुळ्या बहिणी देवळात राहतात आणि ते देऊळ याच देवळावरून काढलेले. बघता बघता पाहुणे येऊ लागले. नवस लिहायच्या लाकडी पाट्यांवर, म्हणजे एमांवर, ते त्या मुलींची चित्रे काढीत. नव्या वर्षाच्या दर्शनाला २००८ मध्ये तीन लाख लोक आले, २०११ मध्ये चार लाख सत्तर हजार!

ही भक्ती म्हणायची काय? मलाही आधी हसू आले. गावाला नवल वाटले असेल, धास्तीही. पण त्यांनी दार लावून घेतले नाही. व्यापारी मंडळाने एमाच्या आकाराच्या छोट्या वस्तू करून विकल्या. २००८ मध्ये चित्रातल्या त्या कुटुंबाला गावाने चक्क रहिवासी दाखला दिला. आणि त्याच वर्षी हाजी उत्सवात मालिकेची चित्रे लावलेली पालखी निघाली. खांदे कुणाचे? त्या पाहुण्यांचे. पालखीखाली घाम गाळणाऱ्याला देवाचा माणूस नव्हे असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जपानीत अशा प्रवासाला नावच तीर्थयात्रा असे पडले आहे.

वाशिमिया गाव २०१० मध्ये कुकी शहरात विलीन झाले. ११ ऑगस्ट २०१८ रोजी ती मोठी लाकडी कमान आतून कुजून कोसळली. मालिकेत काढलेली ती हीच. पुढल्या वर्षी, १८ जुलै २०१९ ला, मालिका करणाऱ्या क्योतो ॲनिमेशन संस्थेला एकाने आग लावली. ३६ माणसे गेली. मालिकेचा बहुतेक भाग ज्यांनी दिग्दर्शित केला ते ताकेमोतो यासुहिरोही त्यांतच. त्यांनी काढवलेली कमान आता चित्रातच उरली. गावात नवी उभी राहिली ती २०२१ च्या डिसेंबरात.

कधी जाणे झालेच, तर १० ऑक्टोबर गाठा. वर्षातून सहा दिवस कागुरा होतो, त्यांतला तो एक.