कारच्या सायलेन्सरला नवी टिप बसवताय? दुकानात जाण्याआधी पाइप मोजा

सिग्नलला पुढे उभ्या असलेल्या कारच्या मागे निळसर झाक असलेलं जाडजूड, चकचकीत तोंड दिसतं आणि आपल्या गाडीलाही असंच काहीतरी लावावं असं वाटतं. ऑनलाइन शोधलं की काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत टिप्स दिसतात आणि जवळजवळ प्रत्येकीवर ‘सर्व गाड्यांना बसेल’ असं लिहिलेलं असतं. गोंधळ इथूनच सुरू होतो.

आधी टिप म्हणजे नेमकं काय ते बघू. आपण बोलताना ज्या सगळ्याला सायलेन्सर म्हणतो, ती एक लांबलचक साखळी असते. इंजिनातून निघालेला धूर आधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून जातो, मग आवाज दाबणाऱ्या डब्यातून, म्हणजे मफलरमधून, आणि शेवटी मागच्या पाइपमधून बाहेर पडतो. टिप म्हणजे या मागच्या पाइपच्या टोकावर चढवलेली टोपी. धूर तिच्यापर्यंत पोहोचतो तेव्हा आवाज दाबण्याचं काम मागे होऊन गेलेलं असतं. त्यामुळे टिप बदलून पिकअप वाढत नाही, मायलेज वाढत नाही, आणि आवाजात फरक पडलाच तर तो कानाला जेमतेम जाणवेल इतका. दुकानदार ‘बेस येईल’ म्हणाला तर तो एकतर टिप विकत नाहीये किंवा खरं बोलत नाहीये.

माप कुठलं घ्यायचं?

टिपच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतं ते बाहेरच्या तोंडाचं माप, कारण दिसतं ते तेच. आपल्याला लागतं ते दुसरं: टिपच्या आतल्या बाजूचा, पाइपवर चढणारा व्यास. तो गाडीच्या पाइपच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित जास्त हवा.

व्हर्नियर कॅलिपर असेल तर काम सोपं. नसेल तर गार पाइपभोवती दोरा गुंडाळा, तो पट्टीवर मोजा आणि ३.१४ ने भागा. दोरा १४१ मिलिमीटर भरला तर पाइप साधारण ४५ मिलिमीटरचा. आता यावर कोणी अडीच इंची, म्हणजे जवळपास ६३ मिलिमीटरची टिप चढवली तर चारही बाजूंनी नऊ-नऊ मिलिमीटर मोकळी जागा उरते. ती टिप फक्त स्क्रूच्या टोकांवर लटकत राहते. खड्ड्यांच्या रस्त्यावर चार दिवस चालवलं की ती तिरकी होते, मग खडखडते आणि एक दिवस कुठेतरी गळून पडते. फरक थोडा असेल तर मधे बसणारी रिंग मिळते, जास्त असेल तर दुसरी टिप बघावी.

पाइपचा सरळ भागही मोजा. टिपला पकडायला निदान दीड-दोन इंच सरळ पाइप हवा. हल्ली बऱ्याच गाड्यांमध्ये पाइप बंपरच्या मागे लपवलेला आणि खाली वळवलेला असतो. (काही महागड्या गाड्यांच्या बंपरवर दिसणारी चकचकीत तोंडं तर नुसती शोभेची असतात, धूर भलतीकडूनच निघतो.) अशा वळलेल्या पाइपवर सरळ टिप बसत नाही. ती बसवायला बंपर कापायचा सल्ला कोणी दिला, तर तिथून निघालेलं बरं.

क्लॅम्प की वेल्डिंग?

घरी करण्यासारखं काम क्लॅम्पचंच. पाइप पूर्ण गार होऊ द्या. टोकावरचा गंज आणि काजळी पॉलिश पेपरने घासून काढा, कोरड्या फडक्याने पुसा. टिप चढवा, मागे उभं राहून ती सरळ दिसते का बघा, मग स्क्रू किंवा नट थोडे-थोडे आळीपाळीने आवळा. एकच बाजू पूर्ण आवळली तर टिप तिरकी बसते.

टिप आणि बंपर यांच्यात बोटभर तरी अंतर ठेवा. पाइप रबरी हँगरवर लोंबकळत असतो, इंजिन हललं की तोही हलतो. टिप बंपरच्या फार आत राहिली तर गरम धूर प्लास्टिकवर आदळतो आणि रंग करपतो. फार बाहेर आली तर पार्किंगमधून जाणाऱ्याच्या, त्यातही लहान मुलांच्या, पोटरीला चटका बसतो. खालीही लक्ष असू द्या, नाहीतर पहिल्याच उंच स्पीडब्रेकरला टिप घासेल.

वेल्डिंग पक्कं असतं, पण पुढे मफलर बदलावा लागला तर टिपही त्याच्याबरोबर जाते. शिवाय धोका आहे तो वेगळाच. पेट्रोलची टाकी बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखाली असते आणि सीएनजी गाडीत सिलिंडर डिकीत, म्हणजे ठिणग्या उडतात तिथून जवळच. सीएनजी गाडीखाली वेल्डिंग करून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. इतर गाड्यांतही वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला सांगा, नाहीतर त्या करंटने गाडीचा ईसीयू बिघडू शकतो. तो टिपच्या कितीतरी पट महाग असतो.

धातू निवडताना क्रोम चढवलेल्या साध्या लोखंडापेक्षा स्टेनलेस स्टील घ्या. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं आणि त्यातलं काही थंड पाइपमध्ये साचतं. सकाळी सायलेन्सरमधून थेंब पडतात ते हेच. सीएनजीत हे प्रमाण आणखी जास्त. म्हणून क्रोमचा थर एकदा निघाला की गंज धरायला वेळ लागत नाही.

पोलीस पकडतील का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील मूळ कंपनीने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. नुसत्या टिपने आरसीवरची कुठलीही नोंद बदलत नाही. मात्र ‘टिप बसवतोच आहोत तर मफलर पण काढून टाकू’ असं गॅरेजवाला म्हणाला की विषय पूर्ण बदलतो. आवाज आणि प्रदूषणाचे निकष मोडणारी गाडी रस्त्यावर चालवली तर कलम १९०(२) खाली पहिल्या गुन्ह्यालाच तीन महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय लायसन्स तीन महिन्यांसाठी जातं. रोडरोलरखाली चिरडलेल्या बुलेटच्या सायलेन्सरचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. तीच कलमं कारलाही लागू आहेत.

पीयूसी करताना तपासणीची नळी पाइपमध्ये बरीच आत घालावी लागते. त्यामुळे तोंडाला जाळी असलेली किंवा आत अरुंद होत गेलेली टिप घेऊ नका, नाहीतर दर वेळी ती काढून द्यावी लागेल.

टिप बसवल्यावर वीस-तीस किलोमीटर गाडी चालवा, पाइप गार होऊ द्या आणि स्क्रू पुन्हा एकदा आवळा. तापून-निवून ते पहिल्यांदा हमखास सैल होतात.