एटाचा मुक्काम, वऱ्हाडाचा सवाल

अकोल्याहून पश्चिमेला पन्नासेक किलोमीटरवर खामगाव आहे. एकेकाळी कापसाच्या बाजारासाठी नावाजलेल्या या गावात आज हिंदुस्थान युनिलिव्हरचा साबण कारखाना आहे. अशा कंपन्यांनी आपल्या भागाला काय दिले, हा विषय अकोला-अमरावतीकडे नेहमी निघतो आणि उत्तर रुपयांत मोजले जाते. या कंपनीचा जुना इतिहास वाचताना मला दुसरे एक माप सापडले. ते म्हणजे मुक्कामाचे दिवस.

लिव्हर ब्रदर्सची भारतीय कंपनी १९३३ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत शिवडीला साबण तयार होऊ लागला. १९३७ साली नोकरीला लागलेले प्रकाश टंडन १९६१ मध्ये कंपनीचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. साहेबांच्या खुर्च्यांवर देशी माणसे बसली खरी. पण ही माणसे बहुतेक शहरी, शिकली-सवरलेली. साबणाचे गिऱ्हाईक मात्र खेड्यापाड्यांत पसरलेले. हे अंतर कसे भरून काढायचे?

उत्तर सापडले ते एका अडचणीतून. उत्तर प्रदेशातील एटा येथे कंपनीने १९६४ साली दुग्धप्रकल्प उभारला होता. तिथे पुरेसे दूध येईना आणि तोटा वाढत गेला. टी. थॉमस अध्यक्ष असताना, १९७६ मध्ये, प्रकल्प बंद करण्याऐवजी भोवतालच्या गावांतच काम सुरू झाले. जनावरांची निगा, सुधारित पैदास, ऊसर म्हणजे क्षारपड जमिनीची सुधारणा, बँकेचे कर्ज मिळवून देणे अशी ती कामे होती. शिकाऊ अधिकाऱ्यांना काही आठवडे त्याच गावांत राहायला पाठवण्यात आले.

याला मी दानधर्म म्हणणार नाही. कंपनीला दूध हवे होते आणि गावाला उत्पन्न. गरज दोन्हीकडची होती, म्हणूनच काम टिकले. अधिकारी घडवणे आणि गावाची जबाबदारी घेणे ही तिथे एकच गोष्ट होती. मात्र हिशेब बरोबरीचा नव्हता. शिकाऊ अधिकारी गावात शिकून पुढे मोठ्या पदांकडे गेला, गाव जागच्या जागी राहिले.

२०१३ च्या कंपनी कायद्याने सामाजिक जबाबदारीला आकडा दिला. ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के खर्च करावेत आणि जिथे आपले काम चालते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे तो सांगतो. केवळ स्वतःच्या नोकरदारांच्या फायद्याचे उपक्रम त्यात धरले जात नाहीत. हे रास्तच आहे. पण त्यामुळे माणूस घडवण्याचा खर्च एका वहीत आणि गावाचा दुसऱ्या वहीत लिहिला जाऊ लागला.

वऱ्हाडाला मुक्कामाचे मोल नव्याने शिकवायला नको. १९६९ साली अकोल्यात स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाचे विद्यार्थी शेवटच्या वर्षी 'कृषिदूत' म्हणून गावात काम करतात, तेव्हा त्यांची पदवी पुरी होते. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाच्या विद्यापीठाला ही रीत शोभते.

म्हणून कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचताना दोन टक्क्यांशेजारी मी आणखी दोन प्रश्न लिहून ठेवतो. तुमचे किती अधिकारी आमच्या गावांत राहिले? आणि आमच्या गावांतली किती मुले तुमच्याकडे अधिकारी झाली? पहिल्या प्रश्नाला एटाने उत्तर दिले होते. दुसरा प्रश्न वऱ्हाडाने विचारायचा आहे.